याबेश-गिलाद घेऊन शिका: बायबलमधलं एखादं छोटं गाव कसं वाचायचं

जुना करार वाचताना आपण सगळेच एक चोरी करतो. गावाचं नाव आलं की डोळे सरळ पुढच्या ओळीवर. यरुशलेम, बेथलेहेम, यरीहो आलं तर जरा थांबतो, बाकीची नावं म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाट्या, आली नि गेली. मीपण वर्षानुवर्षं तेच केलं. मग एकदा आमच्या बायबल अभ्यासात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक गाव वाटून दिलं, माझ्या वाट्याला याबेश-गिलाद आलं, घरी येऊन बायबलच्या शब्दकोशात बघितलं तर यार्देनेच्या, म्हणजे जॉर्डन नदीच्या, पूर्वेला गिलादातलं एक नगर, संपलं. आणि बोलायचं होतं पंधरा मिनिटं. शेजारच्या मावशींना बेथेल मिळालं होतं, त्यांचं काय, याकोबाची शिडी सांगितली की अर्धा तास सहज जातो.

त्या पंधरा मिनिटांसाठी मी जे जे केलं, आणि उलटसुलट करून जो वेळ घालवला, ते इथे लिहितोय, म्हणजे तुमच्या वाट्याला असं एखादं गाव आलं तर कुठून धरायचं ते कळेल. हिब्रू यायलाच पाहिजे असं काही नाही, मला अक्षरं ओळखता येतात इतपतच. श्रद्धेने वाचत असाल तरी चालेल, जुनी गोष्ट म्हणून वाचत असाल तरी चालेल.

पहिलं काम, शब्दकोश बंद करा आणि उल्लेख गोळा करा. सगळे. एकही सोडायचा नाही. मोबाईलवरच्या बायबल ॲपमध्ये मराठीत सर्च मारता येतो, पण तिथे एक गोची आहे, स्पेलिंगची. "याबेश-गिलाद" मध्ये जोडरेघ टाकली तर एक रिझल्ट, नाही टाकली तर दुसरा, आणि बऱ्याच ठिकाणी मजकुरात नुसतं "याबेश" असतं, म्हणून सगळ्यात लहान तुकडा टाकून शोधा. त्याहून पक्कं काम हवं असेल तर स्ट्राँगची कॉन्कॉर्डन्स, म्हणजे बायबलमधल्या शब्दांची सूची, ती १८९० सालची आहे पण आजही तिच्यासारखी सोय नाही, तिच्यात प्रत्येक हिब्रू शब्दाला नंबर असतो आणि याबेशचा नंबर ३००३, तो ऑनलाइन टाकला की भाषांतर कुठलंही असो, मूळ शब्द जिथे जिथे आलाय त्या जागा समोर येतात. मला सहा अध्याय मिळाले: शास्ते २१, १ शमुवेल ११ आणि ३१, २ शमुवेल २ आणि २१, आणि १ इतिहास १०. एवढंच. अख्ख्या जुन्या करारात या गावाची पुंजी एवढीच.

यात सारखी दिसणारी नावं गाळून टाका. १ इतिहास ४ मधला प्रार्थना करणारा याबेस, ज्याच्यावर इतके प्रवचनं होतात, त्याचा या गावाशी काही संबंध नाही, हिब्रूत त्याची अक्षरंच वेगळी आहेत. २ राजे १५ मध्ये शल्लूम म्हणून एक राजा आहे, शोमरोनात एक महिना टिकला बिचारा, त्याला "याबेशाचा मुलगा" म्हटलंय, तिथे याबेश हे बापाचं नाव असावं, काही जण गाव म्हणून पण घेतात, मी तो उल्लेख वहीत वेगळ्या पानावर टाकला आणि सोडून दिला. उलट गावाचं नाव नसलेला एक उल्लेख मात्र घ्यायला लागतो, १ शमुवेल १२:१२, त्याबद्दल पुढे सांगतो. म्हणजे नाव शोधून झालं की त्या गोष्टीतली माणसं पण शोधा, ती दुसरीकडे कुठे उगवतात का बघा. मी हे शेवटी केलं आणि सगळ्यात भारी माल तिथेच निघाला.

आता वाचायला बसा. गोष्टीच्या क्रमाने वाचा आणि प्रत्येक उल्लेखापुढे एकच प्रश्न लिहा: या गावाचं कोणाशी देणंघेणं झालं? गावाचा भूगोल, अर्थ, उत्खनन हे सगळं नंतर. मी आधी उत्खननात घुसलो आणि तीन संध्याकाळी गेल्या.

शास्ते २१ पासून सुरू होतं आणि सुरुवातच अंगावर येणारी आहे. त्याआधीच्या दोन अध्यायांत बन्यामिन वंशाच्या गिबा गावात लेवी वंशातल्या एका माणसाच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होतो, ती मरते, तो तिच्या शरीराचे बारा तुकडे करून इस्राएलभर पाठवतो, मग सगळे वंश मिळून बन्यामिनावर चालून जातात आणि बन्यामिनाचे सहाशे पुरुष तेवढे रिम्मोनच्या खडकात जाऊन वाचतात. मग यांना पश्चात्ताप होतो की अरे एक वंशच नाहीसा होतोय, पण मिस्पात शपथ घेऊन बसलेत की आमच्या मुली बन्यामिनाला देणार नाही. मग हजेरी घेतात, कोण कोण जमायला आलं नव्हतं? याबेश-गिलादचं कोणी आलं नव्हतं. झालं. बारा हजार माणसं पाठवून गाव कापून काढतात, बायकामुलांसकट, आणि चारशे कुमारिका तेवढ्या जिवंत ठेवून शिलोच्या छावणीत आणून बन्यामिनाच्या हवाली करतात. त्या चारशे जणींना कोणी काही विचारलं का? मजकुरात त्यांच्या तोंडी एक शब्द नाही. हा भाग घाईत ओलांडू नका. अभ्यासवर्गात लोक इथे खाकरतात आणि पान उलटतात, मी पण तेच करणार होतो, पण हे सोडलं तर पुढचं काहीच कळत नाही.

कारण पुढचा उल्लेख १ शमुवेल ११. शेजारच्या अम्मोनी लोकांचा राजा नाहाश येऊन याबेशला वेढा घालतो. गाव म्हणतं करार करू, तुझी चाकरी करू. तो म्हणतो ठीक आहे, अट एकच, प्रत्येकाचा उजवा डोळा काढणार, अख्ख्या इस्राएलाच्या तोंडाला काळं फासायला. वडीलधारे सात दिवसांची मुदत मागतात, निरोपे धावतात आणि ते पोचतात कुठे? गिब्याला. त्याच गिब्याला जिथून आधीची सगळी आग लागली होती. लोक ऐकून रडायला लागतात, तेवढ्यात नुकताच राजा म्हणून निवडलेला शौल शेतातून बैलांच्या मागे चालत येतोय, विचारतो लोक का रडतायत, ऐकतो, भडकतो, आणि बैलांची जोडी कापून तुकडे इस्राएलभर पाठवतो. तुकडे! शास्ते १९ मध्ये बाईचे तुकडे, इथे बैलांचे, दोन्हींच्या मुळाशी गिबा, दोन्ही लढाईला बोलवायला. लिहिणाऱ्याला हे माहीत नसणार असं मला तरी पटत नाही. मग बेजेकला तीन लाख तीस हजार माणसं जमतात असं मजकूर सांगतो, हा आकडा कसा घ्यायचा यावर भांडत बसू नका. शौल तीन टोळ्या करून पहाटेच्या प्रहरी छावणीत घुसतो, आणि उन्हं तापेपर्यंत अम्मोन्यांतले दोघं एका जागी राहत नाहीत.

आता देणंघेणं बघा. शौल बन्यामिनाचा. बन्यामिनाचे जे सहाशे उरले त्यातल्या चारशे जणांच्या बायका याबेशच्या. म्हणजे शौलाच्या काळच्या बन्यामिनी माणसाच्या अंगात याबेशचं रक्त असायची दाट शक्यता, आपल्याकडे म्हणतात तसं आजोळ. शौलाची आजी-पणजी तिथली होती असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि तुम्ही बोलताना तसं ठोकून सांगू नका, मी एकाला सांगताना ऐकलंय. पण दोन्ही गोष्टी ओळीने वाचणाऱ्याला ते जाणवल्याशिवाय राहत नाही, निरोपे नेमके गिब्याला का आले हे पण कळतं. अर्थात एक अडचण आहे, गाव अख्खं मारलं असेल तर शौलाच्या वेळी तिथे वेढा घालण्याएवढं कोण होतं? अशी अडचण दिसली की झाकू नका, वहीत लिहा. शास्तेमधला मजकूर नंतर शौलाविरुद्ध रंगवलाय असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, बघा ना, त्या गोष्टीत पाहुणचार चांगला होतो तो बेथलेहेमला, म्हणजे शौलानंतर राजा झालेल्या दाविदाच्या गावी, आणि अत्याचार होतो गिब्यात, म्हणजे शौलाच्या गावी. गावांची नावं अशी पक्ष घेतात. हे एकदा लक्षात आलं की नाव ओलांडून पुढे जाता येत नाही.

इथे थोडं थांबून दुसरं काम सांगतो, भाषांतरं शेजारी शेजारी ठेवणं. निदान दोन मराठी आणि एक इंग्रजी. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं तर जरूर घ्या, त्या १९२२ मध्ये गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं, मूळ भाषांवरून अख्खं बायबल एका मराठी बाईने एकहाती आणलं ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. मूळ हिब्रू बघायला सेफारिया नावाची साइट फुकट आहे, शब्दाला शब्द लावून दाखवणाऱ्या साइट पण आहेत. आणि बघायचं काय? तर पुन्हा पुन्हा येणारा शब्द. या गोष्टीत तो शब्द आहे डोळा. नाहाशला डोळा हवाय. आणि मदत येतेय हे कळल्यावर याबेशकर त्याला निरोप देतात की उद्या आम्ही बाहेर येतो, मग तुझ्या डोळ्यांना जे बरं दिसेल ते आमचं कर. हिब्रूत शब्दशः डोळेच आहेत. काय टोमणा आहे! त्याला कळलाच नसणार. मराठीत ते "तुला बरे वाटेल ते" असं झालं की अर्थ बरोबर, पण डोळा गेला. आणि शास्तेच्या पुस्तकाचं अगदी शेवटचं वाक्य, याबेशच्या मुली नेल्याच्या अध्यायाचं शेवटचं वाक्य, त्या दिवसांत राजा नव्हता आणि जो तो आपल्या डोळ्यांना बरोबर दिसेल ते करायचा. परत डोळे. (हे मला सापडलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि घरात सांगायला कोणी जागं नव्हतं.)

भाषांतरांच्या मागे अजून एक पायरी आहे, जुनी हस्तलिखितं, आणि सगळ्या गावांना ही लागत नाही पण याबेशला लागते. मृत समुद्राजवळ कुमरानला गुहा क्रमांक ४ मध्ये १९५२ साली शमुवेलाच्या पुस्तकाची एक फाटकी गुंडाळी मिळाली. तिच्यात १० व्या अध्यायाच्या शेवटी, नाहाश याबेशला यायच्या आधी, एक आख्खा परिच्छेद आहे जो नेहमीच्या हिब्रू मजकुरात नाही: नाहाश गाद आणि रऊबेन वंशांना छळत होता, यार्देनेपलीकडच्या प्रत्येक इस्राएली माणसाचा उजवा डोळा त्याने काढला होता, फक्त सात हजार माणसं निसटून याबेश-गिलादमध्ये शिरली होती, आणि साधारण महिन्याभराने तो याबेशवर आला. वाचल्यावर एकदम उजेड पडतो. नेहमीच्या मजकुरात हा माणूस कुठून उगवतो आणि एकदम डोळेच का मागतो ते कळत नाही, इथे कळतं, तो पळालेल्यांच्या मागे आलाय आणि याबेशने त्यांना आसरा दिलाय. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस पण नाहाशने यार्देनेपलीकडे उजवे डोळे काढल्याचं सांगतो, म्हणजे त्याच्यासमोर असाच काही मजकूर असणार. काहींचं म्हणणं की नकलणाऱ्याची नजर एका "नाहाश"वरून पुढच्या "नाहाश"वर घसरली आणि मधला तुकडा गळाला, काहींचं म्हणणं हा तुकडा मागाहून कोणी खुलासा म्हणून घातला. मी पहिल्या बाजूचा, पण हट्ट नाही. १९८९ च्या एका मोठ्या इंग्रजी भाषांतराने, एनआरएसव्हीने, हा तुकडा सरळ मजकुरातच घेतला. तुमच्या हातातल्या मराठी आवृत्तीत आहे का ते १० व्या अध्यायाच्या तळाशी बघा, टीपही वाचा.

त्याच जागी अजून एक गंमत. १०:२७ मध्ये हिब्रू म्हणतो शौल गप्प राहिला, आणि जुनं ग्रीक भाषांतर त्या ठिकाणी म्हणतं साधारण महिन्याभराने. इतका फरक कसा? हिब्रूत रेश आणि दालेत ही दोन अक्षरं एकमेकांसारखी दिसतात, आपल्याकडे घाईत लिहिलेला घ आणि ध कसा होतो तसं. मुख्यतः त्या एका अक्षराने "गप्प राहिला" चं "महिन्याभराने" होतं. हे असलं शोधायला हिब्रू येणं गरजेचं नाही, चांगल्या स्टडी बायबलच्या तळटिपांत सगळं असतं, फक्त तळटीप वाचायची सवय पाहिजे.

आणि आता तो १२:१२. शौलाला अभिषेक करणारा संदेष्टा शमुवेल लोकांना म्हणतो, नाहाश चालून आला हे बघितल्यावर तुम्ही मला म्हणालात आम्हाला राजा पाहिजे. पण ८ व्या अध्यायात तर राजा मागायचं कारण वेगळंच होतं, शमुवेलाची पोरं लाच खात होती आणि बाकीच्या राष्ट्रांना राजा आहे तसा आम्हालाही द्या असं. म्हणजे एका आठवणीप्रमाणे इस्राएलचं राजेपण याबेशच्या वेढ्यातून जन्मलं. लढाईनंतर सगळे गिलगालला जाऊन शौलाचं राज्य नव्याने पक्कं करतात ते उगाच नाही. शब्दकोशात एक ओळ मिळालेलं गाव, आणि त्याच्यामुळे पहिला राजा खऱ्या अर्थाने राजा झाला.

१ शमुवेल ३१ वाचताना मात्र हळू वाचा. गिलबोवाच्या डोंगरावर शौल आणि त्याचे तीन मुलगे मेलेत, त्यांच्याशी लढणाऱ्या पलिष्टी लोकांनी शौलाचं मुंडकं कापलं, शस्त्रं देवळात लावली, धड बेथ-शानच्या तटाला अडकवलं. याबेशकरांना कळतं. कोणी बोलावलेलं नाही, कोणाचा हुकूम नाही. शूर माणसं उठतात, रात्रभर चालतात, शौलाचं आणि मुलांचं प्रेत तटावरून काढतात, याबेशला आणून जाळतात, हाडं झाडाखाली पुरतात आणि सात दिवस उपास करतात. सात दिवस. नाहाशकडे मुदत मागितली होती ती पण सात दिवसांचीच.

इथे नकाशा काढा. आता काढा, आधी नाही. बेथ-शान यार्देनेच्या पश्चिमेला, समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या खोऱ्यात, आजचं बेत शेआन. याबेश नदीच्या पूर्वेला, गिलादच्या डोंगरांच्या बाजूला, आजच्या जॉर्डनमध्ये. नेमका कुठला टेकाड यावर वाद आहे पण परिसर पक्का आहे कारण तिथल्या ओढ्याने नाव धरून ठेवलंय, वादी अल-याबिस, अलीकडे सरकारी नाव वादी अर-रय्यान. चौथ्या शतकात युसेबियस नावाच्या ख्रिस्ती इतिहासकाराने लिहून ठेवलंय की पेल्ला शहरापासून सहा मैलांवर, गेरासा शहराच्या रस्त्याला. त्या हिशोबाने बरेच जण ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेलं तेल अल-मकलूब (तेल म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड) धरतात, पुरातत्त्वज्ञ नेल्सन ग्लुकने खोऱ्याच्या तोंडाशी असलेलं तेल अबू अल-खराझ धरलं होतं, तिथे १९८९ पासून एका स्वीडिश टीमने बरंच खोदलंय. तुम्हाला दोन्हीत निवड करायची गरज नाही. कुठलंही धरा, शत्रूच्या ताब्यातल्या गावापर्यंत खोऱ्यात उतरायचं, नदी ओलांडायची, तटावरून सडायला लागलेली प्रेतं काढायची आणि ती खांद्यावर घेऊन परत नदी ओलांडून चढ चढायचा, उजाडायच्या आत. मॅपवर बोट फिरवून बघा, मग "रात्रभर चालून" या दोन शब्दांचं वजन कळतं.

नावाचा अर्थ पण इथेच बघून घ्या, फार वेळ लावू नका. याबेश म्हणजे कोरडं, सुकलेलं, आजचे हिब्रू बोलणारे "यावेश" म्हणतात. नावाच्या अर्थावरून प्रवचन पाडायचा मोह होतो, कोरड्या गावातून जीवनाचे झरे वगैरे, करू नका. ओढा उन्हाळ्यात आटत असेल म्हणून पडलं असेल नाव, बास. उलट एक गोष्ट बघा जी मला नावापेक्षा मोलाची वाटली: या सहाही अध्यायांत याबेशच्या एकाही माणसाचं नाव नाही. वडीलधारे, निरोपे, शूर माणसं, चारशे मुली, सगळे बिननावाचे, गाव हेच त्यांचं नाव. मी म्हणूनच वर याबेशकर म्हणतोय. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना हे जास्त चांगलं कळेल, हेच हिब्रू शास्त्र वाचणारे आपले मराठी यहुदी, पेणकर, रोहेकर, नवगावकर, इस्राएलला जाऊन राहिले तरी कित्येकांच्या आडनावात रायगडातलं गाव आहेच.

जाळण्याबद्दल. इस्राएलात प्रेत पुरायची रीत, जाळायची नाही, आमोस २ मध्ये तर अदोमच्या राजाची हाडं जाळली म्हणून मवाबाला शाप मिळालाय. मग यांनी का जाळलं? कारण मजकुरात दिलेलं नाही. प्रेतं कुजली असतील, किंवा पलिष्टी परत येऊन विटंबना करतील ही भीती, असे अंदाज लोक करतात. पण आता १ इतिहास १० काढून शेजारी ठेवा, तीच गोष्ट, तेच गाव, आणि जाळल्याचा उल्लेखच नाही, आणि रात्रभर चालल्याचा पण नाही! झाडसुद्धा बदललंय, शमुवेलात एशेल, इतिहासात एला. एकच प्रसंग दोन पुस्तकांत असेल तर दोन रंगांच्या पेनांनी फरकावर खुणा करा, नंतरच्या लेखकाला काय खटकलं ते आपोआप दिसतं.

झाड पण शोधा, कॉन्कॉर्डन्स हातात आहेच. एशेल म्हणजे झाऊ, इंग्रजीत टॅमरिस्क, आणि कृपा करून त्याची चिंच करू नका, टॅमरिंड वेगळं. हा शब्द अख्ख्या हिब्रू शास्त्रात तीनदाच येतो. एकदा अब्राहाम बैर-शेबाला लावतो. एकदा शौल गिब्यात हातात भाला घेऊन त्याच्या खाली बसलेला असतो, दाविदाचा संशय घेत, सगळ्यांवर चिडलेला. आणि तिसऱ्यांदा याबेशला, त्याच्या हाडांवर. नुसतं झाडाचं नाव शोधून हे हाती लागलं, एरवी आयुष्यभर दिसलं नसतं.

पुढचे दोन उल्लेख दाविदाच्या तोंडचे आणि हातचे आहेत, म्हणून तिथे अजून एक प्रश्न लावा: बोलणाऱ्याला यातून काय मिळतंय? २ शमुवेल २ मध्ये हेब्रोनला दाविदाचा नुकताच अभिषेक झालाय, फक्त यहूदावर. त्याला कळतं शौलाला याबेशकरांनी पुरलं. तो निरोप पाठवतो, तुम्ही तुमच्या धन्यावर हेसेद केलंत, देव तुमच्यावर हेसेद करो, मीही तुमचं भलं करीन, आता हिंमत धरा, तुमचा धनी शौल मेलाय, आणि यहूदाने मला राजा केलंय. हेसेद या शब्दाला मराठीत दया, प्रेमदया असं करतात, पण त्यात नातं निभावण्याचा, केलेलं न विसरण्याचा अर्थ आहे, "जागला" म्हणतो ना आपण, खाल्ल्या मिठाला जागला, त्याच्या जवळ जाणारा. निरोप गोड आहे, आणि निरोपाच्या शेपटीत राजकारण आहे, मला दोन्ही खरं वाटतं. याबेशने काय उत्तर दिलं? लिहिलेलंच नाही. लगेच पुढच्या वाक्यात शौलाचा सेनापती अबनेर शौलाच्या मुलाला, ईश-बोशेथला, महनाईमला नेऊन गिलादावर राजा करतो. महनाईम पण यार्देनेच्या पूर्वेलाच. त्या गप्प बसण्यावर मी पाच मिनिटं बोललो.

आणि हेसेद शब्द पुढे सर्च केला तर २ शमुवेल १० मध्ये दावीद म्हणतो, नाहाशाचा मुलगा हानून याच्यावर मी हेसेद करीन कारण त्याच्या बापाने माझ्यावर केलं होतं. नाहाश! अम्मोन्यांचा राजा! ज्याला याबेशचे डोळे पाहिजे होते त्याचं दाविदाशी बरं होतं, शौलाचा शत्रू तो दाविदाचा मित्र असं काहीतरी. एकाच पुस्तकात, एकाच माणसाच्या तोंडी, तोच शब्द याबेशला पण आणि नाहाशला पण. गोष्टीतली माणसं शोधा म्हणालो होतो ते यासाठी.

२ शमुवेल २१ थोडक्यात: तीन वर्षं दुष्काळ, शौलाने ज्यांची माणसं मारली होती त्या गिबोन गावच्या लोकांच्या मागणीवरून शौलाच्या घरातले सात जण मारून डोंगरावर टांगले जातात, त्यातल्या दोघांची आई रिस्पा गोणपाट अंथरून दिवसा पाखरं आणि रात्री जनावरं हाकलत प्रेतांजवळ बसून राहते, पावसाचं पाणी पडेपर्यंत. दाविदाला हे कळतं तेव्हा तो जातो आणि याबेशकरांकडून शौलाची आणि त्याचा मुलगा योनाथान याची हाडं आणतो, आणि बन्यामिनात सेला इथे शौलाच्या बापाच्या, कीशाच्या कबरीत पुरतो. म्हणजे इतकी वर्षं हाडं याबेशनेच सांभाळली होती. इथे एक क्रियापद बघा, ३१ व्या अध्यायात याबेशकरांनी प्रेतं "घेतली", इथे मजकूर म्हणतो बेथ-शानच्या चौकातून "चोरली". राजाच्या दरबारातून बघितलं की निष्ठेला चोरी म्हणत असतील, किंवा चोरी हीच शाबासकी असेल, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बोलताना मांडणी कशी करायची? उल्लेख एक, उल्लेख दोन असं वाचून दाखवू नका, लोक झोपतात. मी उलटं केलं, हाडांपासून सुरू केलं, कोणी सांभाळली, का सांभाळली, मग मागे मागे जात चारशे मुलींपर्यंत. तिथे पोचल्यावर वर्गात कोणी खाकरलं नाही. वेळ पंधराची पस्तीस मिनिटं झाली आणि मला बसा म्हणून खूण झाली, ते वेगळं.

तुम्हाला सरावाला एखादं गाव हवं असेल तर कईला घ्या, १ शमुवेल २३. याबेशच्या अगदी विरुद्ध आहे. दावीद पलिष्ट्यांच्या तावडीतून कईला सोडवतो, आणि मग देवाला विचारतो, शौल आला तर हे लोक मला त्याच्या हाती देतील का, उत्तर येतं, देतील, मग तो आपली सहाशेएक माणसं घेऊन तिथून निघतो. उल्लेख थोडेच आहेत, यहोशवा १५ मध्ये यादीत, नहेम्या ३ मध्ये यरुशलेमचा तट बांधणाऱ्यांत, १ इतिहास ४ मध्ये एकदा. एका सुट्टीच्या दिवसात होईल. सुरुवातीला एक धागा देऊन ठेवतो: तिथे कईलाच्या रहिवाशांना जो हिब्रू शब्द आहे, बआले, म्हणजे गावचे धनी, तोच २ शमुवेल २१ मध्ये याबेशच्या लोकांना आहे आणि शास्ते २० मध्ये गिब्याच्या लोकांना. तीन गावं, तेच धनी. तिथून पुढे तुम्ही बघा.